पोर्ट आर्थर, १९०८: घड्याळ पुढे ढकलणाऱ्या पहिल्या गावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोर्ट आर्थर हे गाव नेमकं कुठे आहे? नकाशावर सापडत नाही.

सापडणार नाही, कारण त्या नावाचं शहर १९७० पासून अस्तित्वात नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, सुपीरियर सरोवराच्या वायव्य काठावर पोर्ट आर्थर आणि फोर्ट विल्यम ही दोन गावं एकमेकांना खेटून होती. १ जानेवारी १९७० रोजी ती आजूबाजूच्या भागासह एकत्र केली आणि थंडर बे हे शहर तयार झालं. आज तिथली वस्ती एक लाखाच्या थोडी वर आहे. १९०८ साली मात्र पोर्ट आर्थर धान्य, लाकूड आणि रेल्वे यांवर चालणारं बंदर होतं, लोकसंख्या जेमतेम दहा-अकरा हजार. 'शहर' हा दर्जा त्याला मिळून वर्षच झालं होतं. आपल्याकडच्या हिशेबाने तालुक्याचं गाव म्हणा.

नवीन शहराचं नाव काय ठेवायचं यावर तिथे मतदान झालं. 'लेकहेड' आणि 'द लेकहेड' असे दोन जवळजवळ सारखेच पर्याय मतपत्रिकेवर असल्याने मतं फुटली आणि 'थंडर बे' जिंकलं. इथे हा विषयांतराचा मुद्दा आहे, पण या दोन गावांचा स्वभाव त्यातून कळतो.

१९०८ मध्ये तिथे काय झालं?

१ जुलै १९०८ या दिवशी पोर्ट आर्थरच्या लोकांनी आपली घड्याळं एक तास पुढे केली. डेलाइट सेव्हिंगच्या, म्हणजे उन्हाळ्यापुरतं घड्याळ पुढे नेऊन संध्याकाळचा उजेड वाढवण्याच्या पद्धतीच्या, इतिहासात पहिली नोंद म्हणून हीच तारीख सगळीकडे दिली जाते. यामागे जॉन ह्युइटसन या स्थानिक व्यावसायिकाचं नाव घेतात. उन्हाळ्यात कामं आटोपल्यावर लोकांना, विशेषतः मुलांना, आणखी तासभर उजेड मिळावा, असं त्याचं म्हणणं होतं आणि त्यासाठी त्याने नगर परिषदेकडे मागणी लावून धरली.

कोळसा वाचवायचा, युद्ध जिंकायचं, विजेचं बिल कमी करायचं, ही सगळी कारणं नंतरची. पोर्ट आर्थरला फक्त मोठी संध्याकाळ हवी होती. उत्तरेकडच्या त्या भागात उन्हाळा किती थोडका असतो हे लक्षात घेतलं तर ही मागणी चैनीची वाटत नाही. सरोवराचा किनारा हिवाळ्यात गोठतो आणि जहाजं बंद होतात. वर्षातले मोजके महिनेच बाहेर मोकळं फिरता येतं.

मग 'जगात पहिलं गाव' हा मान पक्का समजायचा का?

तारखेपुरता समजा, पण त्यामागची गोष्ट आपल्याला वाटते तशी सरळ नाही.

थंडर बेच्या स्थानिक संग्रहालयाने या प्रकरणाकडे जरा बारकाईने पाहिलं आहे. त्यातून दोन गोष्टी पुढे येतात. एक, परिषदेचा ठराव असो वा नसो, १९०९ च्या आधीपासून दोन्ही गावांत हा प्रकार चालू असावा, असं दिसतं. दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त महत्त्वाची आहे. १९१० मध्ये ईस्टर्न आणि सेंट्रल या दोन वेळ-पट्ट्यांमधली सीमाच सुमारे २०० मैल पश्चिमेला सरकवण्यात आली आणि ही दोन्ही गावं सेंट्रलमधून कायमची ईस्टर्न पट्ट्यात गेली.

याचा अर्थ नीट पाहा. सेंट्रल वेळेपेक्षा ईस्टर्न वेळ बरोबर एक तास पुढे असते. पोर्ट आर्थरने उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे केलं, तेव्हा ते घड्याळ टोरोंटोच्या घड्याळाशी जुळलं. म्हणजे ज्याला आपण डेलाइट सेव्हिंगचा पहिला प्रयोग म्हणतो, तो पूर्वेकडच्या शेजाऱ्याची वेळ उन्हाळ्यापुरती उसनी घेण्याचाही प्रकार होता. पुढे दोन वर्षांत ती उसनी वेळ परत न करता कायमची ठेवून घेतली, इतकंच. म्हणून मी पोर्ट आर्थरला डेलाइट सेव्हिंगचं जन्मगाव म्हणायला कचरतो. त्या गावाने आपण कुठल्या पट्ट्यात राहायचं हे ठरवलं, असं म्हणणं मला जास्त खरं वाटतं.

सूर्याच्या हिशेबाने हे गाव कुठल्या वेळेत बसतं?

सेंट्रल. यात शंकेला जागाच नाही.

थंडर बे साधारण ८९ अंश १५ मिनिटे पश्चिम रेखांशावर आहे. एक अंश म्हणजे चार मिनिटं. तेव्हा तिथली खरी स्थानिक वेळ ग्रीनिचच्या ५ तास ५७ मिनिटं मागे येते. सेंट्रल प्रमाणवेळ ग्रीनिचच्या सहा तास मागे, म्हणजे फरक अवघा तीन मिनिटांचा. सेंट्रल पट्ट्याचा मधला रेखांश ९० अंश पश्चिम हा आहे आणि तो या गावापासून पश्चिमेला जेमतेम पन्नासेक किलोमीटरवर जातो. प्रमाणवेळ आणि सूर्य यांचं इतकं छान जुळणारी गावं जगात थोडीच असतील.

तरीही आज हे शहर ईस्टर्न वेळ पाळतं. त्यामुळे हिवाळ्यात घड्याळ सूर्याच्या ५७ मिनिटं पुढे असतं. मार्चमध्ये त्यावर डेलाइट सेव्हिंगचा आणखी एक तास चढतो आणि फरक १ तास ५७ मिनिटांवर जातो. जुलैमध्ये तिथे सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात दुपारचे दोन वाजलेले असतात! जूनअखेरीस सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमारास. उलट डिसेंबरच्या शेवटी तो उगवतो पावणेनऊच्या आसपास, आणि मुलं अंधारातच शाळेला निघतात. ह्युइटसनला उन्हाळ्यातला एक तास हवा होता. त्याच्या गावाला आज उन्हाळ्यात जवळजवळ दोन मिळतात आणि हिवाळ्यातल्या सकाळी त्याची वसुली होते.

हे पट्टे मुळात आखले कोणी?

रेल्वेने. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी अमेरिका आणि कॅनडातल्या रेल्वे कंपन्यांनी प्रमाणवेळेचे पट्टे लागू केले. त्याआधी प्रत्येक गावाची आपापली सूर्यवेळ असायची. कॅनडात या कल्पनेचा पाठपुरावा केला सँडफर्ड फ्लेमिंग यांनी. हेच गृहस्थ कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या सर्वेक्षणाचे प्रमुख अभियंता होते. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि ग्रीनिचचा रेखांश शून्य मानायचं ठरलं. पट्ट्यांची सीमा कुठून जावी, हे मात्र निसर्गाने कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं. ते रेल्वेच्या सोयीने ठरत गेलं आणि पुढे गावागावांच्या हट्टाने बदललं.

शेजारच्या फोर्ट विल्यमने काय केलं?

थोड्याच काळात तेही सामील झालं. १९१४ साली इंग्लंडमध्ये या कल्पनेचा प्रचार करणारे लोक फोर्ट विल्यम आणि पोर्ट आर्थर या दोन्ही गावांचं उदाहरण देत होते.

त्यांचं सूत जुळलं हेच नवल, कारण दोघांत हाडवैर होतं. १८८९ मध्ये पोर्ट आर्थरने थकलेल्या करापोटी कॅनेडियन पॅसिफिकची गाडीच जप्त केली. चिडलेल्या कंपनीने आपला कारभार फोर्ट विल्यमला हलवला आणि पोर्ट आर्थरला त्याचा फटका पुढची कित्येक वर्षं बसला. पण दोन्ही गावांना जोडणारी विजेची ट्राम होती, ती पोर्ट आर्थरच्या नगरपालिकेने सुरू केलेली. एका टोकाला सहा आणि दुसऱ्या टोकाला सात वाजले असतील तर ट्रामचं वेळापत्रक कुणाच्या घड्याळाने लावायचं? अशा वेळी भाऊबंदकी बाजूला ठेवावीच लागते.

पण ही कल्पना बेंजामिन फ्रँकलिनची ना?

नाही. व्हॉट्सअॅपवर दर मार्चमध्ये हे फिरतं. १७८४ मध्ये फ्रँकलिन पॅरिसमध्ये असताना त्याने तिथल्या वर्तमानपत्राला एक थट्टेचं पत्र लिहिलं. लोक लवकर उठले तर मेणबत्त्यांचा केवढा खर्च वाचेल, आणि न उठल्यास तोफा उडवून उठवावं, अशा थाटाचं ते होतं. घड्याळ बदलण्याचा त्यात उल्लेखही नाही.

घड्याळच हलवा असं गंभीरपणे मांडलं न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसनने, १८९५ मध्ये. तो टपाल खात्यात नोकरीला होता आणि कीटक गोळा करण्याचा त्याला नाद होता. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर किडे शोधायला उजेड हवा, म्हणून त्याने चक्क दोन तासांचा बदल सुचवला. दुसरा माणूस लंडनचा बांधकाम व्यावसायिक विल्यम विलेट. १९०७ मध्ये त्याने स्वखर्चाने पुस्तिका छापली. एप्रिलमधल्या चार रविवारी वीस-वीस मिनिटं, अशी एकूण ८० मिनिटं घड्याळ पुढे न्यायची, असा त्याचा हिशेब होता. १९०८ च्या सुरुवातीला ब्रिटिश संसदेत त्यावर विधेयकही आलं, पण ते मंजूर झालं नाही. विलेट १९१५ मध्ये वारला. त्याच्या देशाने घड्याळ हलवलं त्यानंतरच्या वर्षी.

लंडनमध्ये विधेयकाचा काथ्याकूट चालू होता त्याच वर्षी सुपीरियर सरोवराकाठी ते घडूनही गेलं. लहान गावाला परिषदेतले मोजके सदस्य पटवले की पुरतं.

काही ठिकाणी ओरिलिया हे पहिलं गाव म्हटलेलं असतं. ते कसं?

ओरिलियाही ओंटारिओतच, पण टोरोंटोच्या उत्तरेला. तिथला महापौर विल्यम स्वॉर्ड फ्रॉस्ट या कल्पनेचा इतका भोक्ता होता की लोक त्याला 'डेलाइट बिल' म्हणायचे. (त्याचा मुलगा लेस्ली फ्रॉस्ट पुढे प्रांताचा पंतप्रधान झाला.) पहिल्या महायुद्धाच्या काही वर्षं आधी त्याने गावाची घड्याळं पुढे केली, पण तो प्रयोग फार टिकला नाही.

सास्काचेवानमधल्या रेजायना शहराने २३ एप्रिल १९१४ रोजी घड्याळ पुढे केलं. गंमत म्हणजे आज सास्काचेवानचा जवळपास सगळा प्रांत वर्षभर घड्याळाला हात लावत नाही. म्हणून तो 'डेलाइट सेव्हिंग न पाळणारा प्रांत' म्हणून ओळखला जातो. रेखांश पाहिला तर रेजायना माउंटन पट्ट्यात (सेंट्रलच्या पश्चिमेचा, तासभर मागचा पट्टा) बसायला हवं, आणि ते पाळतं सेंट्रल वेळ. म्हणजे तिथे उन्हाळी वेळ बाराही महिने चालू असते, फक्त तिला कुणी ते नाव देत नाही. पोर्ट आर्थरने १९१० मध्ये केलं ते हेच.

हे सगळं शेतकऱ्यांसाठी सुरू झालं असं ऐकलं होतं…

शेतकऱ्यांइतका विरोध दुसऱ्या कुणी केला नसेल. सकाळचं दव वाळल्याशिवाय गवत कापता येत नाही आणि दव घड्याळ पाहत नाही. गाईही धारेची वेळ आपलीच ठेवतात. अमेरिकेत १९१८ मध्ये आलेला कायदा दुसऱ्याच वर्षी, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून, रद्द करण्यात आला. त्यात शेतकऱ्यांचा रेटा मोठा होता.

महायुद्धात काय झालं?

३० एप्रिल १९१६ रोजी जर्मनीने कोळसा वाचवण्यासाठी देशभर घड्याळं पुढे केली. २१ मे रोजी ब्रिटनने तेच केलं. कॅनडातल्या इतर गावांमध्ये त्या वर्षी हे लोण पोहोचलं तेव्हा पोर्ट आर्थर आणि फोर्ट विल्यम मात्र जागचे हलले नाहीत. आम्ही आधीच एक तास पुढे आहोत, आता आणखी कुठे जायचं, असा साधा सवाल. १९१८ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने कायदा केला तो एका उन्हाळ्यापुरता. त्यानंतर कुठलं गाव कधी घड्याळ बदलणार याचा पत्ता नसायचा. दुसऱ्या महायुद्धात फेब्रुवारी १९४२ पासून १९४५ पर्यंत घड्याळं वर्षभर पुढेच होती.

यातून वीज खरंच वाचते का?

फारशी नाही. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात २००६ पर्यंत बहुतेक जिल्हे घड्याळ बदलत नव्हते, मग सगळ्यांनी सुरू केलं. त्यामुळे आधीची आणि नंतरची बिलं ताडून पाहता आली. मॅथ्यू कोचेन आणि लॉरा ग्रँट या अभ्यासकांना घरगुती वीजवापर सुमारे एक टक्का वाढलेलाच दिसला. दिव्यांवरचा खर्च कमी झाला, पण एसी आणि हीटरने तो भरून काढला. पोर्ट आर्थरने असा दावा कधी केलाच नव्हता, त्यामुळे त्याला यात पकडता येत नाही.

सगळं ओंटारिओ आज एकाच पद्धतीने चालतं का?

नाही. कायद्याने ९० अंश पश्चिम ही सीमा आहे, पूर्वेला ईस्टर्न, पश्चिमेला सेंट्रल. थंडर बेच्या पश्चिमेला अटिकोकन हे छोटं गाव आहे. सीमेपलीकडे असल्यामुळे ते सेंट्रलमध्ये असायला हवं. ते वर्षभर ईस्टर्न प्रमाणवेळ पाळतं आणि घड्याळ कधीच बदलत नाही. उन्हाळ्यात त्याचं घड्याळ पश्चिमेकडच्या, सेंट्रल वेळ पाळणाऱ्या केनोरा गावाशी जुळतं, हिवाळ्यात पूर्वेकडच्या थंडर बेशी. त्या गावाला घड्याळाला हात न लावता दोन्हीकडच्या सोयी मिळतात. या सबंध प्रकरणात सगळ्यात शहाणपणा कुणी केला असेल तर अटिकोकनने, असं माझं मत आहे.

आपल्याकडे असं कधी झालं होतं का?

झालं होतं आणि त्यावरून भांडणंही झाली.

पोर्ट आर्थरच्या अडीच वर्षं आधी, १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईची स्वतःची वेळ ४ तास ५१ मिनिटं पुढे होती. म्हणजे मुंबईकरांना घड्याळ ३९ मिनिटं पुढे न्यावं लागणार होतं. गिरणी कामगारांच्या दृष्टीने याचा अर्थ एकच, भोंगा आता ३९ मिनिटं आधी, काळोखात वाजणार. जानेवारी १९०६ मध्ये जेकब ससून मिलच्या कामगारांनी याविरुद्ध काम थांबवलं. महापालिकेतही फिरोजशहा मेहतांसारख्या पुढाऱ्यांनी सरकारच्या या वेळेला विरोध केला. सरकारी कचेऱ्या आणि रेल्वे नव्या वेळेवर गेल्या, महापालिका मात्र 'बॉम्बे टाइम'वर अडून बसली ती थेट १९५५ पर्यंत! त्या काळात मुंबईत भेटीची वेळ ठरवताना 'स्टँडर्ड की बॉम्बे?' असं विचारून घ्यावं लागे.

सूर्याच्या बाबतीत दोन्हीकडे घडलं सारखंच. घड्याळ सूर्याच्या पुढे गेलं. पोर्ट आर्थरने ते स्वतः मागून घेतलं, मुंबईवर ते लादलं गेलं. ह्युइटसनच्या गावाला मिळालेली संध्याकाळ आणि गिरणगावाची गेलेली पहाट हा एकाच गणिताचा भाग आहे.

दुसऱ्या महायुद्धात भारतातही घड्याळ एक तास पुढे केलं होतं, आधी ऑक्टोबर १९४१ ते मे १९४२ आणि मग सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५. आज भारत डेलाइट सेव्हिंग पाळत नाही.

आमच्या आजोबांचा जन्म १९४३ चा. पत्रिकेत याचा फरक पडतो का?

पडतो. कुणी सुइणीने किंवा दवाखान्याने भिंतीवरचं घड्याळ पाहून सकाळचे दहा लिहिले असतील, तर आजच्या प्रमाणवेळेने ते नऊ होते. पत्रिकेतलं लग्न, म्हणजे जन्मावेळी पूर्वेला उगवणारी रास, साधारण दोन तासांनी बदलतं, त्यामुळे एका तासात लग्नराशीच बदलू शकते. जुने ज्योतिषी या वर्षांची जन्मवेळ आली की एक तास वजा करतात. मुंबईतल्या १९५५ पूर्वीच्या जन्मांना वेगळाच प्रश्न असतो, सांगितलेली वेळ बॉम्बे टाइम की स्टँडर्ड? पत्रिकेवर विश्वास असो वा नसो, घरातल्या जुन्या वह्यांतल्या वेळा वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

मुलगी थंडर बेला लेकहेड विद्यापीठात शिकते. फोन कधी लावायचा?

मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत ती भारताच्या साडेनऊ तास मागे असते, उरलेल्या काळात साडेदहा तास. म्हणजे तुम्ही रात्री नऊला फोन केलात तर उन्हाळ्यात तिच्याकडे सकाळचे साडेअकरा, हिवाळ्यात साडेदहा. बदल रविवारी पहाटे दोन वाजता होतो. मोबाइल आपोआप जुळवून घेतो, ओव्हनचं घड्याळ नाही. दुसरं लेकरू लंडन किंवा जर्मनीत असेल तर जास्त सांभाळा, कारण युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात. दोघांना एकत्र व्हिडिओ कॉलवर घ्यायचं असेल तर मधल्या त्या आठवड्यांत हमखास कुणीतरी तासभर आधी किंवा उशिरा येतं.

तिथे आता ही घड्याळबदली बंद होणार का?

ओंटारिओने २०२० मध्ये कायदा करून ठेवला आहे. त्यात वर्षभर उन्हाळी वेळच ठेवण्याची तरतूद आहे, पण अट अशी की शेजारच्या क्वेबेकने आणि अमेरिकेतल्या न्यू यॉर्क राज्यानेही तसंच करावं. टोरोंटोचा शेअर बाजार आणि व्यापार न्यू यॉर्कशी बांधलेला आहे, एकट्याने वेगळं होणं परवडत नाही. तो कायदा अमलात आला तर डिसेंबरमध्ये थंडर बेला सूर्य उगवेल पावणेदहाच्या सुमारास. तिथल्या पालकांना यावर काय वाटतं, हे टोरोंटोने विचारायला हवं.